एक मिलिमीटरचा प्ले

तक्रार एवढीच होती की सरळ रस्त्यावर गाडी सरळ जात नव्हती. एका बाजूला ओढत होती असं पण नाही, ओढली असती तर बरं झालं असतं, निदान काहीतरी पक्कं सांगता आलं असतं. ही जरा डावीकडे जायची, मी जरा उजवीकडे फिरवायचे, काहीच व्हायचं नाही, मग अजून थोडं फिरवायचे आणि मग ती एकदम उजवीकडे निघायची. ऐंशीच्या वर गेलं की दोन्ही हात कायम कामाला लागलेले. त्यात खड्ड्यातून हळू जाताना पायापाशी कुठेतरी "टक्". जोरात नाही, नखाने टेबलावर वाजवावं तेवढाच. पण एकदा ऐकू आला की मग दुसरं काही ऐकूच येत नाही, तसला.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १९९३ची, हेडलाइट वर उघडतात ती. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही पहिल्यांदा दाखवली. दोन सीट, सोळाशे सीसीचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन (म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मवर धरलेलं), वजन हजार किलोच्या आसपास. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या छोट्या ब्रिटिश गाड्यांची मजा परत आणायची, पण तेल गळण्याशिवाय, असा एकूण बेत होता. बेत जमला. पण आता ती तीस वर्षांच्या पुढे गेलीय आणि रबर काही कंपनीचं नाव बघून म्हातारं होत नाही, गाडी चालवली तरी होतं, उभी ठेवली तरी होतं.

आणि या गाडीत दुसरं आहे तरी काय? ताकद तर आजकालच्या बऱ्याच साध्या गाड्यांना जास्त असते. हिची सगळी गंमत स्टिअरिंगमध्ये आहे, टायरखाली काय चाललंय ते तळहाताला कळतं त्यात आहे. तेच गेलं तर उरते एक अडचणीची, छोटी डिकी असलेली गाडी.

तर, मी काय केलं? मी सगळं उलटं केलं. ते आधी सांगते, कारण बरोबर काय केलं ते मग चार ओळीत संपतं.

पहिलं म्हणजे मी स्वतःच ठरवून टाकलं की टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या बाहेरच्या टोकाचे जॉइंट, गेले असणार. का, तर ते बाहेरून दिसतात म्हणून. चाकाच्या मागे वाकून बघितलं की समोरच असतात, एकाचा बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, जरा तडकलेला पण होता, झालं, पुरावा मिळाला! दोन्ही बाजूचे नवे मागवले आणि एका रविवारी बसले.

टाय रॉड एंड ज्यांनी कधी काढला नाही त्यांना वाटतं की नट काढला की निघेल. नाही निघत. त्याची दांडी टेपर असते, म्हणजे टोकाकडे निमुळती, आणि चाकाला वळवणाऱ्या स्टिअरिंग आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात ती पाचरीसारखी घट्ट बसलेली असते, वर तीस वर्षांचा गंज. नट फक्त तिला आत ओढून ठेवतो, पकड टेपरचीच असते. मी आधी काट्यासारखं ते हत्यार वापरलं, जे मध्ये ठोकून घुसवतात. जॉइंट सुटला, पण बुटाच्या चिंध्या झाल्या. जुना पार्ट फेकायचाच होता म्हणून चाललं, पण जो परत बसवायचाय त्याला हे हत्यार लावू नका. दुसऱ्या बाजूला पुलर लावला, चांगला ताण दिला, आणि मग आर्मच्या डोळ्याला, म्हणजे ज्या भोकात दांडी बसते त्याच्या बाजूला, एक हातोडा टेकवून समोरून दुसऱ्या हातोड्याने मारलं. दांडीवर नाही मारायचं, आटे बसतात. आर्मवर मारायचं. भोक क्षणभर दबतं आणि टेपर सुटतो. चौथ्या फटक्याला असा काही "टणक्" करून सुटला की मी मागे सरकले. नट मुद्दाम चार आटे अडकवून ठेवला होता म्हणून सगळं खाली नाही आलं.

नवे बसवले, चाकांचं अलाइनमेंट करून आणलं, रिपोर्टवर सगळे आकडे हिरवे. घरी येताना गाडी आधीसारखीच भरकटत होती.

या हिरव्या आकड्यांबद्दल एक सांगायचंय. अलाइनमेंट मशीन गाडी उभी असताना मोजतं. चाकं फिरत्या ताटल्यांवर आरामात उभी, कुठून जोर नाही, ढकलाढकली नाही. झिजलेला जॉइंट अशा वेळी जिथे कुठे टेकलाय तिथे शांत बसून असतो आणि मशीन त्याचंच माप घेतं. रस्त्यावर आल्यावर ब्रेक लागला, खड्डा आला, की तोच जॉइंट दुसऱ्या टोकाला जाऊन टेकतो आणि टो, म्हणजे चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, बदलतो. म्हणजे आकडा खोटा नव्हता, फक्त त्या एका क्षणाचा होता. प्ले, म्हणजे सांध्यात मोकळी हालचाल, असलेल्या गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे हलणाऱ्या मुलाचा फोटो काढणं.

मग दुसरी चूक, आणि ही जरा लाज वाटण्यासारखी. स्टिअरिंग फिरवलं की पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक फिरतं आणि रॅक नावाची दातेरी दांडी आडवी सरकवतं. त्या रॅकच्या पाठीमागे, पिनियनच्या समोर, एक स्क्रू असतो. त्याच्या आत स्प्रिंग आणि एक गुटका असतो, तो रॅकला पिनियनवर दाबून धरतो म्हणजे दातांमध्ये फट राहत नाही. हा स्क्रू आवळला की प्ले कमी होतो, असं सगळेच सांगतात, आणि ते खरं पण आहे. पण होतं काय, आपण निम्म्याहून जास्त वेळ सरळच चालवतो, त्यामुळे रॅकचे मधले दात जास्त झिजतात आणि कडेचे जवळजवळ नवे असतात. मधली फट घालवायला स्क्रू आवळला की कडेला रॅक जाम बसतो. मी पाव फेरा आवळला. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग सोडलं तर ते परत आलंच नाही, तसंच वळलेलं राहिलं, मला हाताने ओढून सरळ करावं लागलं. नशीब रस्ता रिकामा होता. घरी येऊन तो आधीच्या खुणेवर आणला. खूण केली होती, एवढीच काय ती अक्कल त्या दिवशी शाबूत होती.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

मग मी पाना खाली ठेवला आणि कागद घेतला. स्टिअरिंगपासून टायरपर्यंत हात पोचतो कसा? हातातल्या चाकामागे कॉलम, कॉलमच्या खाली मधला शाफ्ट, त्याच्या दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, मग पिनियन, पिनियनवर रॅक, रॅक ज्या रबरांवर गाडीला बांधलेला असतो ती रबरं, रॅकच्या दोन टोकांना आतले टाय रॉड, ज्यांचे गोळे रबरी बेलोच्या, म्हणजे घड्यांच्या आवरणाच्या, आत लपलेले असतात, मग बाहेरचे टाय रॉड एंड, मग आर्म, मग नकल, म्हणजे चाक धरणारा वळणारा भाग, वर आणि खाली बॉल जॉइंटवर, आणि शेवटी व्हील बेअरिंग. आणि ही तरी रॅकवाली गाडी, म्हणून यादी छोटी. १९६६ला आलेल्या अल्फा रोमिओ स्पायडरसारख्या गाड्यांना स्टिअरिंग बॉक्स असतो, त्यात आयडलर आर्म येतो, मधली दांडी येते, तिचे जॉइंट येतात, तिथे तर शोधायला दुप्पट जागा.

यातला प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजतो आणि हाताला कळते ती बेरीज. किती थोडा? हिशोब करून बघितला. आर्मची लांबी साधारण १२ सेंटिमीटर धरली आणि टाय रॉडच्या गोळ्यात फक्त एक मिलिमीटर प्ले धरला, तर चाक जवळजवळ अर्धा अंश स्वतःच्या मनाने फिरू शकतं. स्टिअरिंगचं प्रमाण पंधराला एक धरलं तर तेवढ्यासाठी हातातलं चाक सात अंश फिरवायला लागतं, म्हणजे रिमवर साधारण दोन सेंटिमीटर. दोन सेंटिमीटर हात हलतोय आणि गाडीला पत्ताच नाही! डोळ्याला न दिसणारा एक मिलिमीटर. मी डोळ्याने शोधत होते इथेच चुकलं होतं.

तर मग खरी टेस्ट. हिला दोन माणसं लागतात आणि दुसरा माणूस म्हणजे बाबा. बाबांना गाड्यांचं काही नाही, त्यांना फक्त गाडी चालू झाली की पुरे. गुडघे दुखतात त्यामुळे त्या सीटवर बसताना म्हणाले, "अगं, ही गाडी आहे का पाट?" पण बसले.

टेस्ट अशी: चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर. हे महत्त्वाचं आहे, चाकं उचललेली असली की जोरच येत नाही आणि सगळे जॉइंट चांगले वाटतात. समोरून रॅम्पवर चढवली होती म्हणजे खाली शिरायला जागा होते आणि वजन पण चाकांवरच राहतं, मागच्या चाकांना ठोकळे आणि हँडब्रेक. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू लागतं, नाहीतर हलवणाऱ्याचे खांदे जातात, पण मी गाडीखाली असताना इंजिन चालू हे मला नको होतं म्हणून बंदच ठेवलं, छोट्या हालचालीला तेवढं चालतं. मग वरच्या माणसाने स्टिअरिंग डावी-उजवी, डावी-उजवी, घड्याळातल्या अकरा ते एक एवढंच, सारखं हलवत राहायचं.

बाबा आधी गोलच फिरवायला लागले.

"बाबा, एवढं नाही हो! थोडंसंच. दार वाजवल्यासारखं."

"मग तसं सांग ना. अजून किती वेळ?"

"हलवत राहा तुम्ही, मी सांगते."

आणि खाली मी प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत गेले. बघायचं नाही, बोट ठेवायचं, असं की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. दोन भाग एकत्र हलले तर बोटाला काही कळत नाही. एक आधी आणि दुसरा नंतर हलला की बोटाच्या मधोमध चिमटा बसल्यासारखं होतं. माझे नवे टाय रॉड एंड, दोन्ही: काही नाही. अर्थातच. उजवा बेलो दाबून आतल्या गोळ्यावर बोट: काही नाही. डावा बेलो: टिक्, टिक्, टिक्. इतकं स्पष्ट की मी हात काढून परत ठेवला. बेलो दुमडतो तिथे खालच्या बाजूला चीर होती, वरून दिसतच नव्हती, दाबल्यावर त्यातून चॉकलेटी रंगाचं पाणी-ग्रीसचं मिश्रण बोटावर आलं. चिमटीत चोळलं तर कचकच लागली. म्हणजे किती वर्षं तो गोळा गंजाच्या पेस्टमध्ये फिरत होता कोण जाणे.

मग रॅकच्या रबरांवर हात ठेवला. एका बाजूच्या पकडीजवळ पॉवर स्टिअरिंगचं तेल झिरपून झिरपून रबर फुगलेलं आणि मऊ झालेलं, आणि बाबा हलवतायत तसा अख्खा रॅक दोन-तीन मिलिमीटर आडवा सरकत होता! रॅकने टाय रॉड ढकलायचे सोडून तो स्वतःच सरकतोय. आधी डावीकडे, मग काही नाही, मग उजवीकडे, त्या "काहीच व्हायचं नाही, मग एकदम" चा निम्मा उलगडा तिथे झाला.

तेवढ्यात टक् पण सापडला, पण तो खाली नाही. बाबाच म्हणाले, "अगं इथे पायाशी वाजतंय." मी बाहेर येऊन पेडलच्या बाजूने डोकं घातलं आणि वाकडा हात करून शाफ्टच्या वरच्या युनिव्हर्सल जॉइंटला धरलं. जॉइंट चांगला होता. पण तो कॉलमच्या दातेरी दांडीवर ज्या एका बोल्टने आवळलेला असतो तो बोल्ट ढिला होता. हाताने फिरण्याइतका नाही, पण पान्याला अर्धा फेरा लगेच मिळाला. कधीतरी कोणीतरी तो उघडला असणार आणि नंतर आवळायचा अर्धवट राहिला असणार. हा बोल्ट दांडीच्या खाचेतून आडवा जातो, त्यामुळे ढिला झाला तरी लगेच सुटून येत नाही, पण हे वाचताना जसं तुम्हाला वाटतंय तसंच मलाही वाटलं, पोटात गोळा आला. तीन महिने मी टायरकडे बघत होते आणि हा माझ्या बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावर.

बॉल जॉइंट आणि बेअरिंग पण बघून घेतले. चाक उचलून, स्टँड लावून (नुसत्या जॅकवर कधीच नाही, हे दरवेळी लिहावंसं वाटतं), तीन आणि नऊ वाजता धरून हलवलं की टाय रॉडचा प्ले कळतो, बारा आणि सहा वाजता धरून हलवलं की बॉल जॉइंटचा नाहीतर बेअरिंगचा. दोघांतलं कोण ते कळायला कोणीतरी ब्रेक दाबून धरायचा, कारण ब्रेक लागला की हब (ज्यावर चाक बसतं तो) आणि नकल एकमेकाला बांधले जातात; प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. माझे दोन्ही ठीक निघाले. टायरचं प्रेशर पण मोजलं, जे खरं तर पहिल्या दिवशी मोजायला पाहिजे होतं. बरोबर होतं.

आता आतला टाय रॉड. हे काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं आणि एका ठिकाणी वाटलं नव्हतं तिथे फसले.

दोन्ही पुढची चाकं उचलून काढली. बाहेरचा एंड सोडवण्याआधी, त्याला रॉडवर पक्का धरणारा चेक नट आधी सैल करून घेतला, कारण एंड आर्ममध्ये पक्का आहे तोवर त्याचा आधार मिळतो, नंतर सगळंच हातात गोल फिरतं. एंड सोडवला, नवाच असल्याने पुलरला लगेच आला. रॉडवरून तो काढताना फेरे मोजले, सतरा. आटे साफ, मार्करने खूण, सगळं शिस्तीत. बेलोची बाहेरची क्लिप, आतली तार, दोन्ही बेलोंना जोडणारी हवेची बारीक नळी सांभाळून बाजूला. बेलो मागे सरकवला आणि आतला गोळा पहिल्यांदा दिसला.

त्याच्यामागे वायसर असतो, त्याची कड गोळ्याच्या चपट्या बाजूवर ठोकून वाकवलेली असते म्हणजे तो स्वतःहून फिरणार नाही. ती कड छिन्नीने उचलली. मग स्टिअरिंग अशा बाजूला फिरवलं की रॅकचं टोक बाहेर येईल, आणि, हे नीट वाचा, रॅकच्या टोकाला स्पॅनरसाठी सपाट जागा असते तिथे दुसरा पाना लावून रॅक धरला. हे नाही केलं तर पूर्ण पिळा पिनियनच्या दातांवर जातो आणि एक जॉइंट बदलताना रॅक घालवून बसाल. स्टिअरिंग लॉकला, म्हणजे पूर्ण वळवून, टेकवून जोर लावणं पण त्याच कारणाने नको. दोन पाने विरुद्ध दिशांना, एक श्वास, आणि सुटला.

जुना हातात घेतला, आडवा धरला आणि रॉड सोडला. लोलकासारखा झुलायला लागला. नवा तसाच धरला तर जिथे ठेवाल तिथे राहतो, हलवायला दोन हात लागतात. बाबांना दाखवला, त्यांनी दोन्ही हलवून बघितले आणि म्हणाले, "हा म्हणजे माझा गुडघा आणि हा डॉक्टर सांगतो तो."

फसले ते इथे. नवा आणि जुना शेजारी ठेवले तर नवा चार मिलिमीटर आखूड. पार्ट चुकीचा नव्हता, वेगळ्या बनावटीचा होता, आटे जास्त लांबीवर होते त्यामुळे बसणार होता व्यवस्थित. पण माझे सतरा फेरे कचऱ्यात! फेरे मोजणं फक्त तोच पार्ट परत घालताना कामाचं. मग जुना रॉड आणि एंड बाहेर जोडून आतल्या गोळ्याच्या मध्यापासून बाहेरच्या गोळ्याच्या मध्यापर्यंत माप घेतलं आणि नवी जोडी त्याच मापावर आणली. एक फेरा चुकला तर किती फरक पडतो? आटे दीड मिलिमीटरचे धरा, त्याच १२ सेंटिमीटरच्या आर्मवर ते पाऊण अंशाच्या जवळ जातं, आणि माझ्या १८५/६० आर १४ टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत सात मिलिमीटरचा फरक. म्हणजे एका फेऱ्याच्या चुकीत टायर खरवडून निघेल. जुन्याच फेऱ्यांवर बसवलं असतं तर गाडी वाकड्या चाकांनी अलाइनमेंटला गेली असती.

बसवताना बाकी सगळं उलट क्रमाने, फक्त चार गोष्टी. नवा वायसर, आणि कड ठोकून वाकवायची विसरायची नाही. रॅकच्या उघड्या दांडीवर गंज आहे का ते अंगठ्याने बघायचं, गंज असेल तर नवा बेलो लावून उपयोग नाही, सील कापलं जातं. माझी गुळगुळीत होती. टेपरला ग्रीस लावायचं नाही, कोरडं आणि स्वच्छ, पकड तिथेच आहे. आणि खाचांचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळायचा ठरलेला जोर) आवळल्यावर पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवायचं, कधीच मागे सोडून नाही. स्प्लिट पिन नवी. जुनी सरळ करून परत घालणारे लोक मी बघितलेत, त्यांच्या मागून मी गाडी चालवत नाही. नट आवळताना दांडीच गोल फिरायला लागली तर एंडला जरासं आर्मच्या भोकात दाबून धरायचं, टेपर पकडतो.

उजवा आतला रॉड चांगला होता तरी बदलला. एवढं उघडलंय आणि वय दोघांचं सारखंच.

रॅकची रबरं बदलायला रॅक खाली उतरवायला लागला नाही. पकडी सोडल्या, रॅक आहे तिथेच लोंबकळत ठेवला, हायड्रॉलिक पाइपला ताण न देता, आणि नवं रबर, ज्याला मुळातच एक चीर असते, उघडून चढवलं. जुनं इतकं चिकट झालेलं की सोलून काढलं. इथे पॉलियुरेथेनचे कडक बुश घालायचा मोह होता. नाही घातले. स्टिअरिंग अजून धारदार होतं हे खरं, पण प्रत्येक खडा हातात वाजतो, आणि मला गाडीतून उतरल्यावर पण हात वापरायचे असतात. तेल झिरपत होतं तो पाइपचा जॉइंट नव्या वायसरने बंद झाला, नाहीतर नवं रबर पण दोन वर्षांत जेली.

शाफ्टचा बोल्ट मी आवळून नाही ठेवला, नवा घातला, टॉर्क दिला, आणि बोल्टपासून जॉइंटवर जाणारी एक पांढरी रेघ मारली. सैल झाला की रेघ तुटलेली दिसेल.

अलाइनमेंटला जायच्या आधी घरीच दोरीने ढोबळ सेट केलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजायचं. अर्धा दिवस जातो, पाठ जाते, पण मशीनपर्यंत गाडी टायर न खाता पोचते. मशीनवर या वेळी पण सगळं हिरवं आलं. फक्त स्टिअरिंग जरा डावीकडे वाकडं राहिलं होतं, ते त्यांनी दोन्ही रॉड सारखेच, एक आत एक बाहेर, फिरवून सरळ केलं. स्टिअरिंग काढून दुसऱ्या दाताला बसवणं हा इलाज नाही, तो फक्त लपवणं आहे, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तर त्याच्या नादाला लागूच नका.

परत येताना मी ऐंशीला एक हात सोडला. मग जरा वेळाने लक्षात आलं की दुसरा पण नुसता टेकलेलाच आहे. छोट्या वळणावर हाताने मागितलं तेवढंच मिळालं, आधी नाही, नंतर नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याचा उंचवटा चाकाखालून गेला तो तळहाताला कळला, आणि मला आठवलं की हो, हे असं असतं, विसरले होते मी.

दोनशे किलोमीटर झाल्यावर परत रॅम्पवर चढवली, पिना बघितल्या, पांढरी रेघ अखंड, बेलो कोरडे. बाबांना परत बसवलं. मी खाली, डाव्या बेलोवर बोट ठेवून वाट बघतेय. काही नाही. रॅकच्या पकडीवर हात ठेवला. काही नाही.

"बाबा, हलवा ना आता!"

"अगं कधीचा हलवतोय!"